सेवाज्येष्ठ शिक्षकाला डावलून मुख्याध्यापक नेमला. दाद मागायचा हक्क कोणाला?

वर्गशिक्षक_नववी

अनुदानित माध्यमिक शाळा. संस्थेच्या दोन शाळा असून दोन्हींची सेवाज्येष्ठता यादी एकत्र आहे. मुख्याध्यापक ३१ मे रोजी निवृत्त झाले. यादीत पहिल्या असलेल्या बाईंनी पद नको असं संस्थेला लिहून दिलं आहे. दुसऱ्या क्रमांकाचे शिक्षक बी.एस्सी., बी.एड. होऊनच २००० साली रुजू झाले. संस्थेने १ जूनच्या आदेशाने चौथ्या क्रमांकाच्या शिक्षकांना मुख्याध्यापक केलं. ते १९९८ पासून नोकरीत आहेत, पण लागले तेव्हा नुसते पदवीधर होते, बी.एड. २००३ मध्ये झालं. "त्यांची सेवा जास्त", एवढंच कारण सांगितलं जातं.

दुसऱ्या क्रमांकाच्या शिक्षकांना आदेशाची प्रत दिली नाही. १५ जूनला शाळा उघडल्यावर कळलं. सचिवांचं म्हणणं, आदेश तुमच्या नावाचा नाही, तुमच्यावर कसलीही कारवाई नाही, मग तुम्ही दाद कशाची मागणार? शिवाय याच महिन्यात गणिताच्या रिक्त जागेवर एक सहशिक्षक घेतले, त्यांच्या पात्रतेविषयीही शंका आहे. या शिक्षकांना दोन्ही नेमणुकांना आव्हान देता येईल का? कुठे आणि किती दिवसांत?

कलम_नऊ

दोन नेमणुका, दोन वेगळी उत्तरं. मुख्याध्यापकपदाला आव्हान देता येतं. गणिताच्या जागेला या शिक्षकांच्या नावाने देता येणार नाही, निदान शाळा न्यायाधिकरणात (खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांची अपिलं जिथे चालतात तिथे) तरी नाही.

महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ याच्या कलम ९ मध्ये शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करण्याचा हक्क आहे. सचिवांनी त्याचा पहिला भाग वाचलेला दिसतो : बडतर्फी, सेवेतून काढणं, सेवासमाप्ती, पदावनती. या सगळ्यांत आदेश अपील करणाऱ्याच्याच नावाचा असतो. पण त्याच पोटकलमाचा दुसरा भाग खास डावललेल्यांसाठी आहे. पदोन्नतीने कोणतंही पद भरताना व्यवस्थापनाने ज्याला डावललं, तो कर्मचारीही अपील करू शकतो. डावलण्याचा आदेश डावललेल्याच्या नावाने कधीच निघत नाही. तो दुसऱ्याच्या नावाने निघतो, म्हणून तर ही तरतूद स्वतंत्र करावी लागली.

मुदत ३० दिवस. इथे मेख अशी की ज्याला डावललं त्याला काहीच हातात मिळत नाही, त्यामुळे दिवस कधीपासून मोजायचे यावर वाद होतो. कळल्याच्या तारखेपासून, म्हणजे १५ जूनपासून, असा युक्तिवाद करता येईल. पण युक्तिवादावर विसंबायचं कशाला? आदेशाच्या तारखेपासून मोजा आणि १ जुलैच्या आत अपील दाखल करा. मुदत टळलीच तर कलम ९ मध्येच विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. मात्र पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि विलंब माफीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो.

धावती_टीप

मला वाटतं आधी शिक्षणाधिकाऱ्यांकडे हरकत घ्यावी. नव्या मुख्याध्यापकांचा वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव त्यांच्याकडेच जाणार. त्यांनी मान्यता नाकारली की विषय संपला. नाहीतर सरळ उच्च न्यायालयात रिट याचिका.

कलम_नऊ

दोन्ही सल्ल्यांत धोका आहे.

हरकत जरूर घ्यावी, पण अपिलाच्या जोडीने. शिक्षणाधिकाऱ्यांकडच्या अर्जाने ३० दिवसांचं घड्याळ थांबत नाही. सुनावणी लागते, पुढे ढकलली जाते, सप्टेंबर उजाडतो, मग "हा तुमच्यातला वाद आहे, योग्य त्या न्यायालयात जा" असं पत्र येतं. शाळा न्यायाधिकरणाकडे येणाऱ्या विलंबाच्या अर्जांमागे हीच कहाणी फार वेळा असते. दुसरं म्हणजे मान्यता नाकारली म्हणून नेमणूक आपोआप रद्द होत नाही. मान्यतेचा संबंध मुख्यतः वेतन अनुदानाशी आहे, तिच्या अभावाने नेमणूक अवैध ठरत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने घेतलेली आहे. तेव्हा शिक्षणाधिकारी बाजूने असले तरी नेमणूक रद्द करून घ्यायला न्यायाधिकरणच लागतं.

रिटचं म्हणाल तर पर्यायी उपाय कायद्यातच दिलेला असताना उच्च न्यायालय सहसा "आधी तिकडे जा" म्हणतं. न्यायाधिकरणाचा निर्णय कलम १२ नुसार अंतिम असतो. त्याच्यावर अपील नाही, तेव्हा उच्च न्यायालयाची वेळ येते.

यादी_आणि_सही

अपील दाखल करता येतं हे ठरलं. ते टिकेल का हे सेवाज्येष्ठतेवर आहे.

याच कायद्याखालच्या १९८१ च्या नियमावलीतला नियम ३ सांगतो की, मुख्याध्यापकाचं पद संस्थेच्या शाळांमधल्या सर्वांत सेवाज्येष्ठ शिक्षकाला द्यायचं. अटी दोनच : त्याच्याकडे पात्रता हवी आणि सेवेचा अभिलेख समाधानकारक हवा. माध्यमिक शाळेसाठी पात्रता म्हणजे पदवी व बी.एड., पदवीनंतर एकूण ५ वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव आणि त्यातली किमान २ वर्षं बी.एड. नंतरची. म्हणजे हे निवडीचं पद नव्हे. मुलाखत घेतली, गुण दिले, तरी क्रम बदलत नाही.

आता "सेवा जास्त" या कारणाबद्दल. ज्येष्ठता नुसत्या रुजू तारखेवर ठरत नाही, नियमावलीला जोडलेल्या शेड्यूल एफ या परिशिष्टावर ठरते. त्यात माध्यमिक शिक्षकांच्या कॅटेगरी आहेत आणि खालची टीप स्पष्ट सांगते की या कॅटेगरी म्हणजे ज्येष्ठतेची उतरती शिडी आहे. पदवीधर अधिक बी.एड. ही सी कॅटेगरी. अप्रशिक्षित पदवीधर त्याच्या बऱ्याच खाली. तेव्हा २००० साली बी.एड. घेऊनच आलेले शिक्षक त्या दिवसापासून सी मध्ये आहेत, आणि १९९८ ला लागलेले २००३ ला सी मध्ये आले. आधीची ५ वर्षं निवृत्तिवेतनाला उपयोगी पडतील, पण त्या बळावर सी मधल्या आधीच्या शिक्षकाच्या पुढे उडी मारता येत नाही. (दोघे एकाच कॅटेगरीत एकाच तारखेला आले असते तर वयाने मोठा तो ज्येष्ठ.) इथे तर संस्थेच्या स्वतःच्या यादीतच ते चौथे आहेत, म्हणजे संस्थेने स्वतःचीच यादी मोडली.

कागद कोणते जोडाल? नेमणूक आदेश आणि त्याची मान्यता, बी.एड.च्या निकालाची तारीख दिसणारं गुणपत्रक, सेवापुस्तकाचे उतारे आणि मागच्या ४-५ वर्षांच्या सेवाज्येष्ठता याद्या सह्यांसकट. नियम १२ नुसार यादी शिक्षकांमध्ये फिरवून प्रत मिळाल्याची सही घ्यायची असते. ज्येष्ठतेवर हरकत आली आणि वाद राहिला तर तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे निर्णयासाठी पाठवायचा असतो. बहुतेक स्टाफरूममध्ये ही यादी परीक्षेच्या धांदलीत फिरते आणि लोक न वाचता सही करतात. चुकीच्या यादीवर १०-१२ वर्षं निमूट सही केलेली असेल तर संस्थेचा वकील पहिल्यांदा तीच पुढे करतो, कारण वर्षानुवर्षं स्थिरावलेली ज्येष्ठता उलटवायला न्यायालयं नाखूश असतात. सही करावी, पण "हरकत कायम ठेवून" असं लिहून, तारखेसह.

पहिल्या क्रमांकाच्या बाईंचं पत्रही नीट तपासा. हक्क सोडल्याचं लेखी निवेदन शिक्षणाधिकाऱ्यांसमोर स्वतः हजर राहून पक्कं करायचं असतं. नुसतं संस्थेच्या फायलीत पडलेलं पत्र पुरेसं नाही. ते कच्चं असेल तर "तुमच्या आधी त्या आहेत, तुम्ही कोण?" असा प्रश्न सुनावणीत येतो. आणि हेही लक्षात ठेवा की एका वेळी सोडलेला हक्क कायमचा सुटत नाही, पुढची जागा रिकामी होईल तेव्हा त्या पुन्हा हक्क सांगू शकतात.

वर्गशिक्षक_नववी

धन्यवाद, सर. दोन गोष्टी राहिल्या. एक, संस्था आता म्हणते की दुसऱ्या क्रमांकाच्या शिक्षकांचे गोपनीय अहवाल चांगले नाहीत. तसं त्यांना कधी कळवलेलं नाही. दुसरं, आदेशातला "मुख्याध्यापक" शब्द बदलून "प्रभारी मुख्याध्यापक" करायच्या हालचाली आहेत. त्याने काही फरक पडतो का?

यादी_आणि_सही

गोपनीय अहवालांचं सोपं आहे. नियम १५ बघा. अहवाल वेळेत लिहिला नाही, किंवा प्रतिकूल शेरा वेळेत कळवला नाही, तर त्या काळातलं काम समाधानकारक होतं असंच धरलं जातं. जागा रिकामी झाल्यावर कपाटातून निघालेल्या शेऱ्यांची किंमत यापेक्षा जास्त नाही. मात्र शिक्षकांनी कधी खुलासा दिला असेल, ज्ञापन घेतलं असेल, तर ते वकिलापासून लपवू नका. सुनावणीत अचानक बाहेर आलेला एक कागद सगळं उलटवतो.

कलम_नऊ

"प्रभारी" हा जुना डाव आहे. संस्थेचा बचाव असा असतो की पदोन्नती झालेलीच नाही, तात्पुरता कार्यभार दिला आहे, म्हणून डावलण्याचा प्रश्न उद्भवत नाही आणि अपील अपरिपक्व आहे. म्हणून मूळ १ जूनच्या आदेशाची प्रत आत्ताच हाती घ्या. संस्था देत नसेल तर शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका : मान्यतेचा प्रस्ताव, सोबत जोडलेली सेवाज्येष्ठता यादी, संस्थेचा ठराव आणि सह्यांच्या अधिकाराचं पत्र. अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मात्र या उत्तरासाठी अपील थांबवू नका. प्रत नंतर जोडता येते, मुदत परत येत नाही. अपिलात लिहा की रिकाम्या, कायम पदाचा पूर्ण कारभार, सह्यांच्या अधिकारासकट, कनिष्ठाला दिला आहे. शब्द काहीही असो, परिणाम पदोन्नतीचाच आहे.

स्थगितीचा अर्ज अपिलासोबतच द्या. कलम १० खाली न्यायाधिकरणाला आदेशाची अंमलबजावणी थांबवता येते. अपील ३ महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात किती लागतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, म्हणून ज्यांची सेवा थोडी उरली आहे त्यांना स्थगिती नाही मिळाली तर खुर्ची कधीच मिळत नाही. तरी अपील वाया जात नाही. पुढे निकाल बाजूने लागला तर वेतनातला फरक आणि निवृत्तिवेतनाची फेरनिश्चिती मागता येते. ही मागणी अपिलाच्या विनंती कलमात, म्हणजे काय मिळावं ते लिहितात त्या भागात, पहिल्यापासून लिहिलेली हवी.

आणि प्रतिवादी : संस्था, शाळा, शिक्षणाधिकारी, आणि नेमलेले शिक्षक स्वतः, नावानिशी. "आमचं भांडण संस्थेशी आहे, सहकाऱ्याशी नाही" म्हणून त्यांना वगळायचा मोह होतो. चांगुलपणा समजतो, पण ज्याचं पद जाणार त्याचं ऐकल्याशिवाय ते काढता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९८४ चा प्रबोध वर्मा निकाल याच मुद्द्यावर आहे, आणि तोही शिक्षकांच्याच नेमणुकांचा.

तिसरा_बाक

गणिताच्या जागेबद्दल कोणीच सविस्तर लिहिलं नाही. तिथे नियम मोडला असेल तर हक्क का नाही?

कलम_नऊ

कारण "नियम मोडला" आणि "माझा हक्क मोडला" यांत फरक आहे. बाधित व्यक्ती कोण, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या जसभाई देसाई प्रकरणात आणि नंतर अयूबखान पठाण विरुद्ध महाराष्ट्र शासन या निकालात तपासलं आहे. स्वतःचा कायदेशीर हक्क बाधित झालेला दाखवावा लागतो. तटस्थ माणसाचं कुतूहल किंवा संताप पुरत नाही. हे शिक्षक गणिताच्या जागेचे उमेदवार नव्हते. ती जागा पदोन्नतीची नाही, थेट भरतीची. कलम ९ चा दरवाजा तिथे बंद.

जनहित याचिकाही चालणार नाही. सेवाविषयक बाबींत ती चालत नाही, हे १९९८ च्या दुर्योधन साहू निकालापासून पक्कं आहे. उरते अधिकारपृच्छा, म्हणजे को वॉरंटो : "या पदावर कोणत्या अधिकाराने बसलात?" असं विचारणारी रिट. त्यात अर्जदाराचा स्वतःचा हक्क लागत नाही. म्हैसूर विद्यापीठातल्या एका प्रपाठकाच्या नेमणुकीवरचा गोविंद राव निकाल यातला पाया मानतात, आणि २०२२ मध्ये सरदार पटेल विद्यापीठाच्या कुलगुरूंची नेमणूक याच मार्गाने रद्द झाली. पण त्याला सार्वजनिक पद लागतं आणि वैधानिक तरतुदीचा भंग लागतो. खासगी शाळेतला सहशिक्षक सार्वजनिक पदावर आहे, हे पटवून देणं फार अवघड. या रस्त्याने जाऊ नका.

मग हक्क कोणाला? त्या जागेसाठी अर्ज केलेल्या पात्र उमेदवाराला. तोही कलम ९ खाली नाही, कारण तो शाळेचा कर्मचारी नाही; त्याला उच्च न्यायालयच. त्यातही प्रक्रियेत निमूट भाग घेऊन निवड न झाल्यावर प्रक्रियेवर बोट ठेवलं, तर १९९५ चा मदन लाल निकाल आडवा येतो. अपवाद आहे तो नियमांचा उघड भंग असेल तेव्हा. मीता सहाय प्रकरणात २०१९ मध्ये ते मान्य झालं.

आणखी एक जण आहे, ज्याचा विचार कोणी करत नाही : अतिरिक्त ठरलेला, म्हणजे आपल्या शाळेत जागा न उरलेला, गणित शिक्षक. कलम ५ नुसार कायम जागा भरण्यापूर्वी समावेशनासाठी योग्य अतिरिक्त कर्मचारी उपलब्ध आहे का, हे संस्थेने शिक्षणाधिकाऱ्यांकडून जाणून घ्यायचं असतं. ते न करता जागा भरली असेल तर त्याचं म्हणणं ऐकलं जाण्यासारखं आहे. तुमच्या शिक्षकांनी या नेमणुकीबाबत फक्त शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावं आणि पोच घ्यावी. अपिलात हा विषय घालू नये. घातला की संस्थेला "हे सगळ्याच नेमणुकांच्या मागे लागले आहेत" म्हणायला आयतं निमित्त मिळतं.

यादी_आणि_सही

एक भर. शाळा अल्पसंख्याक दर्जाची असेल तर आधी ते बघा. कलम ३ मध्ये अल्पसंख्याक शाळेच्या मुख्याध्यापकाची भरती आणि कळवलेल्या आणखी जास्तीत जास्त तिघांची भरती या कायद्यातून वगळली आहे. अशा शाळेत ज्येष्ठतेच्या मुद्द्यावरचं अपील पहिल्याच तारखेला अडखळतं. जिल्हा परिषद किंवा महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षकांनाही हे कलम ९ लागू नाही, कारण खासगी शाळेच्या व्याख्येत त्या येत नाहीत.

वर्गशिक्षक_नववी

शाळा अल्पसंख्याक नाही. बाईंचं पत्र शिक्षणाधिकाऱ्यांसमोर पक्कं झालेलं नाही, हे आत्ताच विचारल्यावर कळलं.

कलम_नऊ

मग बाईंनाही प्रतिवादी करा. त्यांनी न्यायाधिकरणासमोर "मला हरकत नाही" असं शपथपत्र दिलं की तो मुद्दा तिथेच मिटेल. १ जुलै विसरू नका.