ह्यूस्टनच्या घामाने पिस्तुलाचं ब्लूइंग खाल्लं, आता कुठलं फिनिश करू?

बायूकाठचा_बाळ्या

मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे, राजकारण नको, फक्त गंजाबद्दल बोलायचंय. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेलं कोल्ट लाइटवेट कमांडर आहे, .४५ चं. स्लाइड, म्हणजे वरचा सरकणारा भाग, साध्या कार्बन स्टीलची, ब्लूइंग (काळपट-निळा ऑक्साइडचा थर) केलेली, आणि फ्रेम, म्हणजे खालचा मुठीचा सांगाडा, अ‍ॅल्युमिनियमची. रोज पँटच्या आत उजव्या कमरेला असतं. इथला मे ते ऑक्टोबर म्हणजे मुंबईचा जून, फक्त पाऊस वजा करा, गाडीपासून ऑफिसच्या दारापर्यंत गेलो तरी शर्ट पाठीला चिकटतो.

रविवारी मॅगझिन काढलं, चेंबर रिकामं आहे ना ते दोनदा बघितलं आणि पुसायला घेतलं तर स्लाइडच्या डाव्या बाजूला, म्हणजे जी पोटाला लागते तिथे, मोहरीएवढे तपकिरी ठिपके. सेफ्टीच्या खाचेत कापसाची काडी फिरवली तर ती चहात बुडवल्यासारखी बाहेर आली. उजवी बाजू बघाल तर शोरूममधली वाटेल!

इथला एक गनस्मिथ म्हणतो परत ब्लूइंग कर, दुसरा म्हणतो सेराकोट, रेंजवरचा म्हातारा म्हणतो हार्ड क्रोमशिवाय काही घेऊ नकोस. मला शोपीस नकोय, रोज वापरायचंय, दहा वर्षं परत हात लावायला लागू नये. कोणी केलंय का असं काम?

डॅलसचा_पाहुणा

परत ब्लूइंग अजिबात नको. ब्लूइंग म्हणजे मुळात गंजच, फक्त सभ्य गंज. लाल ऑक्साइडच्या जागी काळा ऑक्साइड बनवतात, त्याचा थर इतका पातळ की तेल पुसलं गेलं की संरक्षण संपलं. आणि चुकूनही कोणाला फ्रेमसकट हॉट ब्लूइंगच्या टाकीत टाकू देऊ नकोस, त्यात १४० डिग्रीच्या आसपास उकळता कॉस्टिक सोडा असतो, अ‍ॅल्युमिनियम त्यात विरघळतं.

मी माझ्या पिस्तुलाला सेराकोट केलं, चार वर्षं झाली, खूश आहे. सिरॅमिक मिसळलेला पेंटच आहे तो, पण ओव्हनमध्ये १२० डिग्रीला दोन तास भाजतात त्यामुळे घट्ट बसतो, स्टील-अ‍ॅल्युमिनियम दोन्हीवर चालतो, घामाचं त्याला काही वाटत नाही. फक्त जो करणार आहे तो आधी ब्लास्टिंग (बारीक खडीचा मारा करून सफाई) नीट करतो का ते विचार. ग्रीस राहिलं आणि वरून मारलं तर सालपट निघतं, माझ्या मित्राचं सहा महिन्यात निघालं, नखाने सोलता येत होतं. खाली फॉस्फेट म्हणजे पार्करायझिंग करून वर सेराकोट करणारे पण आहेत, ते जास्त भारी. वाईट बाजू एकच, होल्स्टर जिथे घासतं तिथे, म्हणजे नळीच्या तोंडाजवळच्या कडा, दोन-तीन वर्षांत चमकायला लागतात. आणि स्लाइड ज्यावर सरकते त्या रेल्सवर मारू देऊ नको, थर जाड असतो, साधारण २५ मायक्रॉन.

गुंठ्याचा_मालक

एवढा खर्च करण्यापेक्षा विकून टाक आणि ग्लॉक घे, त्याच्या स्लाइडला नायट्रायडिंग (स्टीलच्या पृष्ठभागात नायट्रोजन मुरवणं) केलेलंच येतं, पावसात फेकून दे काही होत नाही. बाय द वे, एच-वन-बी वर चालतं का हे सगळं??

बायूकाठचा_बाळ्या

@गुंठ्याचा_मालक एच-वन-बीवर साधारणपणे नाही चालत, फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्यांना मनाई आहे, शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडून. माझं ग्रीन कार्ड आहे. आणि विकणार नाही, हातात जे बसतं ते बसतं. मग माझ्याच स्लाइडला नायट्रायडिंग केलं तर?

भोसरी_एमआयडीसी

पिस्तूल मी आयुष्यात हातात धरलेलं नाही पण प्लेटिंग २२ वर्षं करतोय, म्हणून बोलतो.

नायट्रायडिंगची सॉल्ट बाथ साडेपाचशे-पावणेसहाशे डिग्रीला चालते. कंपनीने त्या हिशोबाने जॉब बनवला असेल तर ठीक, पण तुझी जुनी स्लाइड कुठे किती हार्ड केलीय माहीत नसताना तिला एवढं तापवलं तर मूळचं टेंपरिंग, म्हणजे तापवून आणलेला कडकपणा, उतरू शकतं. मी घेतला नसता हा जॉब.

आता हार्ड क्रोम. तुझा रेंजवरचा म्हातारा अर्धा बरोबर आहे. आम्ही हायड्रोलिकच्या रॉडला तेच करतो, ७० रॉकवेलच्या आसपास हार्डनेस, घासून घासून थकाल. पण त्या क्रोमला बारीक भेगा असतात, डोळ्याला दिसत नाहीत, मायक्रोस्कोपखाली वाळलेल्या तळ्यासारखं दिसतं. पिस्तुलाला थर पातळ देणार, ५ ते १२ मायक्रॉन, मग ओलावा त्या भेगांतून खाली जाऊ शकतो. झिजण्यासाठी क्रोम एक नंबर, गंजासाठी नाही. शिवाय करंटवर चालणारं काम आहे, धारदार कडेला जास्त चढतं, खाचेत कमी. आणि तुझा गंज आहे कुठे, तर खाचेत!

म्हणून माझं मत इलेक्ट्रोलेस निकेल, हाय फॉस्फरस. यात करंट नसतो, केमिकलनेच थर बसतो, त्यामुळे कोपऱ्यात, भोकात सगळीकडे सारखा. १२ ते १५ मायक्रॉन पुरे. रंग थोडा पिवळसर चांदीसारखा येतो. हार्डनेस क्रोमपेक्षा कमी, ५० च्या आत, पण तुला काय त्या स्लाइडने शेत नांगरायचंय?

दोन गोष्टी लिहून घे. अ‍ॅसिडमध्ये पिकलिंग केलेलं, म्हणजे बुडवून साफ केलेलं हार्ड स्टील हायड्रोजन पितं आणि ठिसूळ होतं, म्हणून प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत १९० डिग्रीच्या पुढे बेकिंग लागतं. 'बेकिंग किती तास करता' असं विचार, तो गोंधळला तर उठून ये. दुसरं म्हणजे प्लेटिंगने खड्डा भरत नाही. ठिपक्यांखाली खड्डे पडले असतील तर आधी बफिंग होणार आणि बफवाला पोरगा नवीन असला तर अक्षरं, मार्का सगळं गुळगुळीत करून ठेवेल.

डॅलसचा_पाहुणा

हे भेगांचं माहीत नव्हतं, काका. माझ्याकडे क्रोमवालं पण एक आहे आणि त्याला कधी गंज आला नाही, पण ते मी एसीत बसून वापरतो हेही खरं.

बाळ्या, नाइट साइट्स, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या नेमखुणा, असतील तर आधी काढून घे, ओव्हन आणि टाकी दोन्ही त्यांना सोसत नाही. आणि निकेल केलंस तर अमोनियावालं बोर क्लीनर (नळी आतून साफ करायचं द्रव) स्लाइडला लागू देऊ नको.

बायूकाठचा_बाळ्या

भोसरीकर दादा, दंडवत. मार्क्याची भीती खरीये, स्लाइडवर कोल्टचा उभा घोडा आहे, घोड्यावरचा घोडाच पुसला गेला तर काय राहिलं. ठिपके मी तेल आणि ब्रॉन्झ वूलने हलके घासून बघितले, दोन सोडून बाकी वरवरचे निघाले. म्हणजे बफिंग नको सांगतो, ते दोन खड्डे राहू देत.

देवगड_१२_बोअर

वाचत होतो, राहवलं नाही. आमच्याकडे वडलांच्या नावावर शेती संरक्षणाची बारा बोअर होती, आता माझ्या नावावर आहे, रानडुकरं आणि माकडं. समुद्र घरापासून हाकेवर. नळी ब्लूइंगचीच, वडलांच्या काळातली, अजून काळी आहे. रोज संध्याकाळी शिलाई मशीनच्या तेलाचं फडकं फिरवायचं, हात धुवून मग. खोबरेल नाही, ते चिकटून बसतं आणि धूळ धरतं.

एकदाच गंजली. इलेक्शनची आचारसंहिता लागली, बंदूक ठाण्यात जमा करायची होती, तर मीच शहाणपणा करून पेपरात गुंडाळून, वरून गोणपाट बांधून दिली. दोन महिन्यांनी परत आणली तर नळीवर पेपराची घडी जशीच्या तशी उमटलेली, लाल. पेपर ओल धरतो हे डोक्यात आलं नाही. तेव्हापासून तेलाचं फडकंच गुंडाळून देतो.

तुमचं होल्स्टर कशाचं आहे ते सांगितलं नाहीत. चामड्याचं असेल तर अर्धा दोष त्याचा.

बायूकाठचा_बाळ्या

चामड्याचंच आहे काका, आणि रात्रभर पिस्तूल त्यातच असायचं. आत्ता हात घालून बघितला तर आतून दमट लागतंय, कालपासून घातलेलं नसताना. घरी आलो की आता पिस्तूल बाहेर, तिजोरीत, आणि होल्स्टर पंख्याखाली.

ठरलं तर मग. फक्त स्लाइड आणि स्टीलचे बारके पार्ट, इलेक्ट्रोलेस निकेल, बफिंग नाही, बेकिंग विचारून. फ्रेमचं अ‍ॅनोडायझिंग (अ‍ॅल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर) मुठीच्या पुढच्या पट्टीवर थोडं उडालंय पण अ‍ॅल्युमिनियमला लाल गंज कुठून येणार, राहू दे. यात एक फायदा आत्ता लक्षात आला, इथल्या कायद्याने नंबरवाली फ्रेम म्हणजे बंदूक, स्लाइड नुसता सुटा पार्ट. अख्खं पिस्तूल पाठवायचं तर नियमांची कटकट. स्लाइड एकटी साध्या पार्सलने जाते. आज दोन ठिकाणी फोन केला. पहिला म्हणाला 'बेकिंग? कशाला?' दुसऱ्याने तास सांगितले, वर मलाच विचारलं की स्टील कुठलं आहे. त्याच्याकडे पाठवतोय. पेपरात गुंडाळून नाही.