शीवचा नवा पूल: उताराची उंची किती वाढणार, हे कुठे कळेल? (मदत हवी)

नमस्कार मंडळी,

शीव स्टेशनाजवळचा रेल्वेवरचा १९१२ सालचा पूल १ ऑगस्ट २०२४ पासून गाड्यांसाठी बंद झाला. आयआयटी मुंबईने तो पाडून नवा बांधावा असं सुचवलं होतं, शिवाय रेल्वेला पाचव्या-सहाव्या मार्गिकेसाठी रुळांवर जास्त रुंद गाळा (पुलाच्या दोन आधारांमधलं अंतर) हवा होता. पूल पाडण्याबद्दल माझी तक्रार नाही. काळजी उताराची आहे.

आमची इमारत उताराला लागूनच आहे. जुना रस्ता आणि आमचं फाटक जवळजवळ एका पातळीत होतं. विजेच्या तारांसाठी रेल्वेला आता पूर्वीपेक्षा जास्त उंची सोडावी लागते, म्हणजे पूल वर जाणार. मग उतार लांबेल, नाहीतर चढ उभा होईल. लांबला तर फाटकासमोर भिंत उभी राहणार का? रस्ता वर आणि आम्ही खड्ड्यात राहिलो, तर पावसाचं पाणी सरळ तळमजल्यात. पावसाळ्यात गांधी मार्केटला तुंबणारं पाणी बघत मोठे झालेल्यांना हे वेगळं सांगायला नको. शिवाय वरच्या मजल्यांवर वयस्कर माणसं आहेत, अ‍ॅम्ब्युलन्स दारापर्यंत यायलाच हवी.

कामावरच्या लोकांना विचारलं, तर त्यांना फक्त त्यांच्या तुकड्याचं माहीत. रुळांवरचा भाग रेल्वे बांधते, दोन्हीकडचे उतार महापालिका. मग पूर्ण नकाशा मागायचा कोणाकडे?

अंधेरीचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. गोखले पुलाची पहिली बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला पूल दीड-दोन मीटर खाली राहिला होता. पुढे जॅक लावून तो उचलला आणि जुलैत जोडला. पूल जॅकने उचलता येतो, आमची इमारत कशी उचलणार? म्हणून काँक्रीट पडायच्या आधी विचारतोय.

प्रतिसाद १
तुम्हाला दोन कागद हवेत. रेल्वेकडचं जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग (पूर्ण पुलाचा मुख्य आराखडा, सगळे जीएडी म्हणतात) आणि उताराचा एल-सेक्शन (रस्त्याचा लांबीच्या दिशेने काढलेला उभा छेद). एल-सेक्शनमध्ये आताची जमीन आणि होणारा रस्ता, दोन्हींच्या पातळ्या ठरावीक अंतरावर लिहिलेल्या असतात. माहिती अधिकारात मागा: रेल्वेला केंद्राच्या पोर्टलवरून, पालिकेला वेगळा अर्ज. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. विषय दुसऱ्या खात्याचा असेल तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच अर्ज ५ दिवसांत तिकडे पाठवायचा असतो. प्रती मिळेपर्यंत कागद प्रत्यक्ष बघायचीही मागणी करा, कायद्यात तो हक्क आहे.

प्रतिसाद २
त्याआधी सर्व्हेअर बोलावून फाटक, जोतं आणि गटाराचं तोंड यांच्या पातळ्या सोसायटीच्या लेटरहेडवर नोंदवून ठेवा, तारखेच्या फोटोंसकट. एक सांभाळा: पालिकेच्या पातळ्या टाऊन हॉल डेटमवर असतात, म्हणजे उंची मोजायची त्यांची शून्य पातळी वेगळी. रेल्वेच्या नकाशात समुद्रसपाटीपासूनची उंची असेल, तर आकडे थेट ताडून बघू नका. आणि पर्जन्यजलवाहिनीचा नकाशा वेगळा मागा, एल-सेक्शनवरून पाण्याचं पूर्ण कळत नाही.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. डेटमचं माहीतच नव्हतं. रविवारच्या सभेत सर्व्हेअरचा खर्च मांडतो, अर्ज त्याच दिवशी करतो. एक राहिलं: उतार वाढल्यावर फाटकासाठी बाजूचा सर्व्हिस रोड कोणी मागून मिळवला आहे का? मागणी सोसायटीने केली की सगळ्या इमारतींनी मिळून?