केस कोल्हापुरातच घालता येते
ताई, जहाजाच्या सहलीत तुमच्या केबिनचा (खोलीचा) संडास तुंबलेला, एसीचं पाणी गादीवर, वर बुकिंगचा एजंट म्हणतो ‘केस मुंबईत घाला’. साफ चूक! 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही; मुदत 2 वर्षं. आधी जहाज कंपनीला लेखी नोटीस धाडा. बुकिंगची पावती, ओल्या गादीचे तारीख-वेळेसह फोटो, रिसेप्शनला केलेला मेल जोडा. नुसतं तोंडी सांगितलेलं सिद्ध करणं फार जड जातं. आणि जहाजावरचे संडास व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) चालतात, एका जागी काही अडकलं की त्या लाइनवरच्या बाकीच्या केबिनही बंद पडू शकतात. अशा वेळी प्लंबरची वाट बघत बसू नये, दुसऱ्या भागातली केबिन लगेच लेखी मागावी.