मदत हवी आहे: भावाच्या मांडीतला ड्रेन अचानक बंद पडल्यासारखा वाटतोय

धाकट्या भावाचा दुचाकीवरून अपघात झाला. हाड शाबूत आहे, पण मांडीची कातडी आतून स्नायूपासून सुटली होती आणि त्या पोकळीत रक्त-पाणी साठत होतं. ऑपरेशन करून ते काढलं आणि पुन्हा साठू नये म्हणून सक्शन ड्रेन ठेवला, म्हणजे आतलं पाणी ओढून बाटलीत आणणारी नळी. भात्यासारखी दाबायची बाटली आहे ना, तोच. आज सहावा दिवस. ड्रेनसकट घरी सोडलंय.

रोज सकाळी मोजून वहीत लिहिते: ११०, ८५, ७०, ५५ मिली. रंगही लाल होता तो फिका गुलाबी झाला. डॉक्टर म्हणाले होते, सलग दोन दिवस २४ तासांत ३० मिलीच्या खाली आलं की काढू. पण आज एकदम ५ मिली! बाटली नीट दाबलेलीच आहे, फुगलेली नाही. नळीत मात्र काळपट गाठीचा एक दोरा अडकलेला दिसतोय, आणि जखमेच्या वरची बाजू कालपेक्षा टणक लागते. ताप नाही.

म्हणजे स्राव खरंच कमी झाला की नळी तुंबलीय? दवाखान्यात फोन केला तर सोमवारी आणा म्हणाले, आज शनिवार. नळी बोटांनी खाली निपटायची असते असं वॉर्डातल्या सिस्टरांनी दाखवलं होतं, पण टाक्यांजवळ हात लावायला धीर होत नाही. ते घरी करावं का? की आजच रात्री कॅज्युअल्टीत न्यावं? कुणी नर्स किंवा ऑर्थोचे डॉक्टर असतील तर कृपया लगेच सांगा.