मॉड्यूल लोड फेल होतं आणि एका सेकंदात कर्नल पॅनिक, अर्जंट मदत हवी

केळीचेंबर, रावेर
राम राम मंडळी. आमच्याकडे केळी पिकवायचे चेंबर आहेत, आतलं टेंपरेचर १६ ते १८ डिग्रीत ठेवावं लागतं म्हणून एका जुन्या पीसीत कार्ड टाकून प्रोब जोडलेत आणि कार्डाचा ड्रायव्हर (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडायचं मॉड्यूल) मी स्वतः सीमध्ये लिहिलाय, उबुंटू २२.०४ आहे. सगळं मस्त चालू होतं. परवा उंदराने वायर कुरतडली, तेव्हापासून मॉडप्रोब (मॉड्यूल लोड करायची कमांड) मारलं की 'नो सच डिव्हाइस' येतं, तेवढं बरोबरच आहे, कार्डाने उत्तर दिलं नाही तर मायनस ईनोडेव्ह (त्याच एररचा कोड) परत करायचं असं मीच लिहिलंय. पण त्यानंतर मोजून एका सेकंदात अख्खी मशीन गोठते, म्हणजे कर्नल पॅनिक, आणि कीबोर्डचा कॅप्स लॉकचा लाइट लुकलुकत राहतो. मॉड्यूलचं नाव मॉड्यूल्स-लोड-डी (बूट होताना काय लोड करायचं ते लिहायचं फोल्डर) मध्ये टाकलेलं असल्याने आता रीबूट केलं की परत तेच. जर्नलमध्ये (सिस्टमच्या नोंदींत) एक ओळ नाही. जे मॉड्यूल लोडच झालं नाही ते क्रॅश कसं करतं? चेंबरमध्ये माल भरलेला आहे हो.

भुसावळकर
आधी मशीन उठवा. चालू होताना शिफ्ट दाबून धरा, ग्रबचा (बूट करणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आला की ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी मॉड्यूल अंडरस्कोर ब्लॅकलिस्ट बरोबर तुमच्या मॉड्यूलचं नाव लिहा आणि कंट्रोल एक्स. हे कर्नल स्वतः पाळतं, त्यामुळे कोणीही लोड करायला गेलं तरी नाकारतं. वर आलात की ती मॉड्यूल्स-लोड-डी मधली फाइल काढा.
जर्नलमध्ये नसणारच, पॅनिक झाल्यावर डिस्कवर लिहायला कोणी उरत नाही. लॅनने दुसरा लॅपटॉप जोडा, नेटकन्सोल लावा (कर्नलचे मेसेज नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला पाठवतं), तिकडे यूडीपी ६६६६ पोर्टवर ऐकत बसा, मग ब्लॅकलिस्ट न टाकता बूट करून हाताने क्रॅश करा.

केळीचेंबर, रावेर
मशीन उठली, देव भलं करो! नेटकन्सोलवर आलं: 'सुपरवायझर इन्स्ट्रक्शन फेच इन कर्नल मोड', पत्ता आठ एफ आणि मग सी शून्य असा सुरू होतो, कॉल ट्रेसमध्ये कॉल-टायमर-फंक्शन, शेवटी 'फेटल एक्सेप्शन इन इंटरप्ट'. मॉड्यूल्स लिंक्ड इनच्या यादीत माझं मॉड्यूल नाहीच.

तापीकाठ
यादीत नाही हीच तर खूण आहे भो. तो पत्ता मॉड्यूल जिथे ठेवतात त्या भागातला आहे, म्हणजे कर्नल अशा जागी उडी मारतंय जिथे आता कोड उरलेला नाही. तुमच्या इनिटमध्ये (मॉड्यूल लोड होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) टायमर आधी सुरू होतो आणि कार्ड नंतर तपासता, बरोबर ना? इनिटने एरर परत केली की कर्नल मॉड्यूलची मेमरी मोकळी करून टाकतं, पण तुम्ही लावलेला टायमर ते काढत नाही, ते काम तुमचं. सेकंद भरला की टायमर त्या मोकळ्या जागेतलं फंक्शन बोलावतो. आणि टायमर सॉफ्ट-आयआरक्यूत, म्हणजे इंटरप्टच्या कामात, चालतो म्हणून नुसता ऊप्स (कर्नलची एरर, पण मशीन चालू) होऊन सुटका नाही, सरळ पॅनिक.
एक्झिटमध्ये (मॉड्यूल काढताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) टायमर थांबवणारं डेल-टायमर-सिंक तुम्ही लिहिलंच असेल, पण इनिट फेल झालं तर एक्झिट कधीच चालत नाही, इथेच बहुतेक जण फसतात. प्रत्येक पायरीला गोटू लेबल (एरर आली की उडी मारायची जागा) ठेवा आणि जे घेतलं ते उलट्या क्रमाने परत द्या. टायमर सगळ्यात शेवटी सुरू करा, कार्ड बोललं तरच.

भुसावळकर
+१. आयआरक्यू (कार्डासाठी इंटरप्ट) मागितला असेल तर फ्री-आयआरक्यू पण त्याच वाटेत घाला, त्याचंही असंच होतं. आणि टायमर थांबवल्याशिवाय त्याचं स्ट्रक्चर केफ्री (मेमरी मोकळी) करू नका. पुढे नवीन कर्नलवर गेलात तर डेल-टायमर-सिंकचं नाव टायमर-डिलीट-सिंक झालंय, तेव्हा अडकाल.

केळीचेंबर, रावेर
व्हयी गयं भो!! तसंच होतं, टायमर दुसऱ्याच ओळीला होता. क्रम बदलला, लेबलं टाकली, मग मुद्दाम वायर काढूनच दहा वेळा मॉडप्रोब मारलं, दर वेळी नुसतं 'नो सच डिव्हाइस' आणि मशीन शांत. आता वायर नवीन टाकतोय, पाइपातून.