पाऊस सुरू झाला की माझा विश्वास कुठं जातो?

कुंभारगल्लीची ताई:
सर्वांना जय ख्रिस्त. बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं.

कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या तोंडाला आमचं घर, तळमजला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं ते दारातून नाही, न्हाणीच्या मोरीतून. रात्री दोनला गुडगुड आवाज आला. मला वाटलं नळ सोडला असेल. दिवा लावला तर मोरीच्या जाळीतून काळं पाणी वर येतंय आणि पायपुसणं त्यावर तरंगतंय. शेजारी अर्ध्या रंगवलेल्या गणपतीच्या मूर्ती उचलून वरच्या अंगाला पळवत होते. त्यातलेच चौघे परत आले आणि त्यांनी सासूबाईंना खुर्चीसकट उचलून बाहेर काढलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच.

तेव्हापासून मृग निघाला की माझं काहीतरी बिघडतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, दर तासाला मोबाइल. मोरीत नुसतं धुण्याचं पाणी गुडगुडलं तरी छातीत धस्स होतं. नाताळात, उपवासकाळात मी घरोघरच्या प्रार्थनेत चांगली बोलते, लोक आमेन म्हणतात. जुलैत तीच जीभ टाळ्याला चिकटते. संडे स्कूलला येशूनं वादळ शांत केल्याची गोष्ट घ्यायची होती, मी दोन रविवार टाळली आणि मुलांना महापुरात तरलेलं नोहाचं तारू रंगवायला दिलं. (त्यातही पाणीच की! तेव्हा लक्षातच आलं नाही.)

परवा एक बहीण म्हणाल्या, "ताई, भीती म्हणजे अविश्वास." घरी येईपर्यंत कुणाशी बोलले नाही. इतकी वर्षं मंडळीत आहे, आणि दर पावसाळ्यात परत पहिलीच्या वर्गात. मग मी वाढले कुठं?

राजारामपुरीकर:
ताई, बायबलमध्ये "भिऊ नको" ३६५ वेळा आहे. रोजचं एक! टेन्शन नाही घ्यायचं 🙏

शिरोलीचा काका:
राजारामपुरीकर भावा, हा ३६५ चा आकडा मीही तरुणपणी युवक संघात ठोकून द्यायचो. मग एका उन्हाळ्यात वही घेऊन मोजायला बसलो, आकडा काही तिथवर पोचला नाही. लीप वर्षाचं काय करायचं तेही कुणी सांगत नाही. पण "भिऊ नको" सांगावं लागतं ते भ्यालेल्यालाच, एवढं खरं.

ताई, ती वादळाची गोष्ट बायबलात मार्क ४ मध्ये परत वाचा. शिष्यांतले चौघे मासेमार. त्या सरोवरावर जन्म गेलेला, पाणी कळणारी माणसं. होडीत पाणी भरताना ती उगाच ओरडली नसतील. आणि ४१ वं वचन बघा, वारा पडल्यावर तर ते अतिशय भ्याले. येशूनं त्यांना अजून विश्वास कसा नाही म्हणून विचारलं, पण होडीतून उतरवलं नाही कुणाला.

माझं सांगतो. २०१९ ला माझा दीड एकर ऊस आठ दिवस पाण्याखाली. हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही. पाणी ओसरल्यावर लांबून ऊस हिरवा दिसतो आणि माणूस फसतो. शेंड्याची सुरळी ओढून बघायची. अलगद हातात आली आणि घाण वास सुटला की समजायचं, शेंडा कुजला. मग खालच्या डोळ्यांतून पांगशा, म्हणजे बाजूचे फुटवे, फुटतात. त्या उसाला कारखाना नाक मुरडतो, पण रान मेलेलं नसतं. याचा दृष्टान्त मी करत नाही, ते काम पाळकसाहेबांचं.

त्या साली मंडळीत कापणीच्या सणाला, पिकातलं अर्पण करतात त्याला, न्यायला काही नव्हतं. परड्यातल्या शेवग्याच्या चार शेंगा नेल्या, लाज वाटत होती. लिलावात एकानं घेतल्या आणि पुन्हा टेबलावर ठेवल्या. दुसऱ्यानंही तेच केलं. तीनदा विकल्या त्या शेंगा. त्या दिवशी बायबलातलं उत्पत्ती ८:२२ वाचलं. महापुरानंतरचं वचन आहे ते, पण त्यात पाऊस थांबेल असं कुठं नाही. पेरणी-कापणी, थंडी-ऊन, उन्हाळा-हिवाळा थांबायचे नाहीत, एवढंच आहे. मला त्यानं धीर आला असं नाही म्हणत. पण मी पेरलं.

आता कामाचं. बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. आमच्या घरात ठरलंय, ३५ ला कागदपत्रं आणि धान्य माळ्यावर, ३९ ला म्हातारी माणसं पाहुण्यांकडं. तुमचं घर सखल, तुम्ही अजून आधी ठरवा. आकडा वाढला की हात हलवायचे. नुसता मोबाइल बघत बसलं की भीतीला दुसरा उद्योग राहत नाही.

नर्सताई:
काकांच्या पुढं थोडंसं. आवाजानं धस्स होणं, झोप उडणं, ठरावीक महिन्यांत वाढणं, हे मोठ्या संकटातून गेलेल्यांना होतं. शरीर विसरत नाही. साखरेची गोळी घेतो तेव्हा आपण विश्वास कमी पडला म्हणतो का? एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, प्रार्थना सोडायची गरज नाही. आणि मोरीला घट्ट लाकडी बूच करून घ्या, वर वाळूची पिशवी.

कुंभारगल्लीची ताई:
काका, नर्सताई, उशिरा लिहितेय. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, गुरुवारची.

रविवारी शेवटी ती गोष्ट घेतली. येशू होडीत उशी घेऊन झोपला होता म्हटलं तर तिसरीतला एक पोरगा म्हणतो, "टीचर, उशी भिजली असंल की!" वर्ग हसला, मीही. मग त्यानंच विचारलं, पुरात तुम्ही भ्यालात का. होय म्हटलं, लई भ्याले. अजूनही भिते. दोन आठवडे जे टाळत होते ते एका वाक्यात संपलं. पोरांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांना खुर्चीची गोष्ट पाहिजे होती, ती दोनदा सांगितली.

आज बंधाऱ्याला ३३ फूट. सुताराकडून बूच करून आणलं. सासूबाईंचं पवित्र शास्त्र, २०१९ ला भिजलेलं, पानं फुगलेली, मिटत नाही म्हणून नाडीनं बांधलेलं, ते सकाळीच माळ्यावर चढवलं. संध्याकाळी त्यांना ते वाचायला खाली पाहिजे. वाचून झालं की परत वर. रोज दोनदा शिडी.