सिकलसेलवर जनुक-संपादन: सरकारी पैसा आधी कुठे जावा?

वैनगंगा
डीएनएतलं एक ठरावीक अक्षर बदललेलं असलं, आणि तो बदल आई-बाप दोघांकडून आला, की सिकलसेल हा रक्ताचा आजार होतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस दुखण्याने तळमळतो. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे लायनस पॉलिंग यांनी १९४९मध्ये दाखवलं. क्रिस्परने, म्हणजे डीएनए हव्या त्या जागी कापणाऱ्या कात्रीने, जनुक-संपादन करणारा पहिला उपचार, कॅसजेव्ही, ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला तो २०२३च्या अखेरीस. त्यात रुग्णाच्याच रक्त बनवणाऱ्या मूळपेशी काढून प्रयोगशाळेत त्यांच्यातलं एक 'बटण' बंद करतात. जन्मानंतर गर्भातलं हिमोग्लोबिन थांबवणारं हे बटण. ते बंद झालं की शरीर पुन्हा ते चांगलं हिमोग्लोबिन बनवू लागतं. चाचणीत ३१पैकी २९ जणांना सलग वर्षभर तीव्र वेदनेचा एकही झटका आला नाही.

अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या माणसांना परवडेल असा भाव लावून कोणती परदेशी कंपनी इकडे येणार? म्हणून सरकारने स्वतः यात पैसा घालावा, आणि आत्ताच घालावा. रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी पेशी-उपचारपद्धती (यात रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून परत सोडतात) आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी इथे उभी केली, ऑक्टोबर २०२३मध्ये तिला मंजुरी मिळाली. अमेरिकेतल्या किमतीच्या साधारण दहाव्या भागात ती मिळते. सिकलसेलसाठी दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी जनुक-संशोधन संस्थेने 'बिरसा १०१' हा देशी क्रिस्पर उपचार नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर करून तंत्रज्ञान सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलं आहे. आता मागे राहू नये.

तालुका_डॉक्टर
पूर्ण असहमत. २२ लाख डॉलरचा दहावा भाग म्हटला तरी एका रुग्णामागे रक्कम कोटी रुपयांच्या वर जाते. त्याच पैशात किती मुलांना वर्षानुवर्षं हायड्रॉक्सियुरिया देता येईल? हे औषधसुद्धा गर्भातलं हिमोग्लोबिनच वाढवतं, आणि अमेरिकेत प्रौढांसाठी १९९८पासून मंजूर आहे. आमच्या भागात ही गोळी कधी असते, कधी संपलेली असते. रक्ताची नियमित तपासणी करायला यायचं तर पेशंटची दिवसाची मजुरी बुडते.

शिवाय उपचाराचा अर्धा भाग तुम्ही सांगितलाच नाही. संपादित पेशी परत सोडण्याआधी जुना अस्थिमज्जा केमोथेरपीने नष्ट करावा लागतो. कित्येक आठवडे मोठ्या रुग्णालयात, जंतुसंसर्गाची भीती, आणि पुढे मूल न होण्याचा धोका. भामरागडहून आलेल्या घरातलं कोण एवढे दिवस शहरात राहील, आणि त्यांची चूल कशी पेटेल?

एसएसची_आई
डॉक्टर, माझ्या मुलाचा एसएस पॅटर्न आहे, म्हणजे दोष दोघांकडून आलेला, आणि तो गोळी नियमित घेतो. अ‍ॅटॅक कमी झाले, थांबले नाहीत. विशीच्या आतच त्याचा खुबा निकामी होत आलाय. मज्जारोपणाचं विचारलं तर आधी भावंडाची जुळणी बघायला सांगितली. मुलीची जुळली नाही. रस्ता तिथेच संपला. या नव्या उपचारात दाता लागत नाही, स्वतःच्याच पेशी असतात, म्हणून आमच्यासारखी माणसं त्याकडे डोळे लावून बसलीत. "आधी गोळी" म्हणणं बरोबर आहे, पण ज्यांना गोळी पुरत नाही त्यांनी काय करायचं? मूल न होण्याच्या धोक्याचं म्हणाल, तर तो पत्करायचा की नाही हे माझ्या मुलाला विचारा. त्याच्या वतीने आधीच नाही म्हणू नका.

सातपुडा
मला काळजी वेगळी आहे, या सगळ्याच्या डिजिटल बाजूची. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं, आणि निकाल पोर्टलवर जातात. दोष एकाच पालकाकडून आला तर माणूस फक्त वाहक, म्हणजे 'एएस', असतो; वाहक म्हणजे आजारी नव्हे. पण मुलगी 'एएस' आहे हे गावात कळलं की सोयरीक मोडते. मुलगाही एएस असतो, त्याला कोणी विचारत नाही. निकाल कोण बघू शकतो आणि तो कधी पुसता येतो, हे लोकांना त्यांच्या भाषेत, भिलीत, गोंडीत, सांगितल्याशिवाय बोटातून रक्त घेऊच नये.

तालुका_डॉक्टर
@सातपुडा, संमतीबद्दल शंभर टक्के मान्य. पण नोंदी नकोत असं मात्र म्हणू नका. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातलं एसएसचं मूल सहा महिने आमच्या नजरेआड असतं. तिकडे ताप आला, अंग दुखलं, तर नवा डॉक्टर साधं दुखणं समजून परत पाठवतो. कारखान्याजवळच्या दवाखान्यात त्याची नोंद उघडली तर ते मूल वाचेल. मला जनुकाच्या कात्रीपेक्षा हे पोर्टल आज जास्त उपयोगाचं वाटतं.

वैनगंगा
@एसएसची_आई, ताई, तुमचं म्हणणं मी लिहायला हवं होतं. डॉक्टर, गोळीच्या पैशातून हे करा असं मी म्हणत नाही. संशोधनाचं खातं वेगळं आहे. मात्र एक अट आता जोडतो: जनतेच्या पैशातून तयार झालेलं तंत्रज्ञान कंपनीला देताना किमतीची कमाल मर्यादा करारातच लिहून घ्यावी, आणि उपचाराचं पहिलं केंद्र दिल्ली-मुंबईत न होता नागपूरच्या सरकारी रुग्णालयात व्हावं. रुग्ण तिथे आहेत.

तालुका_डॉक्टर
नागपूरची मागणी चांगली आहे, तिच्यावर सही करेन. पण खातं वेगळं असलं तरी मंत्र्यांचं लक्ष एकच असतं, आणि ते उद्घाटनाकडे जातं. माझ्या तालुक्यात बारा महिने गोळी मिळाल्याचं मला दाखवा, मग मी तुमच्या बाजूने बोलेन.

एसएसची_आई
आणि तोपर्यंत माझ्या मुलाचा दुसरा खुबा?